तीन भाकऱ्या, चार माणसं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. माझ्या कामांची एक यादी फ्रिजवर असते, दुसरी पर्समध्ये. दोन्हींत हे कधी आलं नाही.

मी शिक्षकांना गणित कसं शिकवावं ते शिकवते. सातारा-सांगलीत माझी प्रशिक्षणं वेळेवर सुरू होतात, वेळेवर संपतात — चहासुद्धा गरम असतो. फलटणला मी शंकापेटी ठेवली होती. शिक्षकांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची, मी उत्तर द्यायचं. पहिल्याच दिवशी निघाली : ‘अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचं? पोरं विचारतात.’

का गुणायचं? तुम्हाला माहीत आहे? मला नव्हतं. बावीस वर्षं मी तो उलटा करत होते — बिनतक्रार. चिठ्ठी पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी तेच अक्षर, तोच प्रश्न. तीही पर्समध्ये.

तिसऱ्या दिवशी विट्याकडच्या सुरेखाबाई उठल्या. “आवं मॅडम, माझीच चिठ्ठी कशी निघंना? पेटीला भोक हाय का?”

“त्यावर स्वतंत्र सत्र आहे,” मी म्हणाले. नव्हतं. फळ्यावर नववा मुद्दा म्हणून लिहिलं. शेवटच्या दिवशी आठवा संपला आणि ग्रुप फोटोची वेळ झाली. वेळ मीच ठरवली होती.

त्या दुपारी जेवताना सुरेखाबाई शेजारणीला सांगत होत्या, “मॅडम काय सांगत न्हाईत, मीच काढलं बघ. तीन भाकऱ्या. माणशी पाऊण. किती जेवतील? चतकोर कर, बारा झालं. एकाला तीन. चार माणसं. म्हंजे चारनं गुणलं, तीननं भागलं. झाला का न्हाई उलटा?”

“आन् कालवण?” शेजारीण म्हणाली.

मी नळाशी पाठमोरी, धुतलेलेच हात धूत होते. बावीस वर्षांनी कळलं. आनंदही झाला — खरंच झाला.

हे इथवरच असतं तर मी लिहिलं नसतं. त्याच संध्याकाळी तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून एक नाव मला सुचवायचं होतं. सुरेखाबाईंनी अर्ज केला होता. त्यांना ते काम फार हवं होतं. आणि दुसरं नाव होतंच कुठे? मी त्यांच्या अर्जावर शेरा लिहिला : ‘विषयज्ञान कच्चे. प्राथमिक शंका विचारतात.’ सुवाच्य अक्षरात. खाली सही. त्यांचं नाव गेलं नाही.

मला त्यांची भीती वाटली होती. एवढंच.

तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात मी फळ्यावर तीन भाकऱ्या काढते. टाळ्या पडतात. ‘मॅडमची भाकरी’ असं नावही पडलंय — मी नको म्हटलं नाही.

यंदा सांगलीला सुरेखाबाई तिसऱ्या रांगेत होत्या, प्रशिक्षणार्थी म्हणून. मी भाकऱ्या काढल्या, चतकोर केले, चार माणसं जेवू घातली. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे — बराच वेळ. मग वही उघडून सगळं उतरवून घेतलं.

त्यांचं लिहून होईपर्यंत मी थांबले, आणि पुढचा मुद्दा घेतला.