तीन लाल खुंट्या

तोफखान्यात माझी बरीचशी नोकरी ऑब्झर्वेशन पोस्टवर गेली. तोफा मागे, डोंगराआड. आम्ही पुढे, उंचावर, दुर्बिणीला डोळा लावून. गोळा कुठे पडला ते बघायचं आणि रेडिओवर करेक्शन द्यायचं. थोडक्यात, डोंगर बघण्याचा मला सरकारने पगार दिला. निवृत्त होऊन नाशिकला आलो तरी ती खोड गेली नाही, म्हणून मी एक जुना मोठा फिल्म कॅमेरा घेतला. लाकडी पेटी, चामड्याचा भाता, मागे घासलेली काच. डोक्यावर काळा कपडा ओढून त्या काचेत बघायचं. चित्र उलटं दिसतं, आभाळ खाली आणि जमीन वर. फिल्म तळहाताएवढी, एका फोटोला एक. "मोबाइलवर काढा की," असं मला कुणी ना कुणी सुचवतंच. लोकांना अक्कल फुकट वाटायला फार आवडते.

शेवटच्या पोस्टिंगला माझा रेडिओ ऑपरेटर नायक युसूफ होता. दिंडोरीच्या पुढच्या एका गावचा. समोरच्या बर्फाच्या शिखरांना तो नावं ठेवायचा. "साहेब, ह्ये कसले डोंगर? आमच्या गावचा बघा एकदा."

एका सकाळी खालच्या नाल्यातून आपली इन्फंट्री पुढे सरकत होती आणि आमच्या पोस्टवर शेलिंग सुरू झालं. रेडिओवर हुकूम आला, "पोस्ट खाली करो. ओव्हर." मी युसूफला म्हणालो, "ऊठ." तो म्हणाला, "नाल्यात आपली मान्सं हायेत, साहेब. सेट चालू हाय. तुमी करेक्शन द्या." मी देत राहिलो, तो पाठवत राहिला. इन्फंट्री नाला पार करून गेली. युसूफ सेटजवळच मारला गेला. माझ्या खांद्यात एक तुकडा राहिला, तो थंडीत दुखतो.

युसूफचे वडील गुलाबचाचा आता नाशिकमध्येच, अंबडला धाकट्या मुलाकडे असतात. मुलगा कारखान्यात आहे. चाचा अंथरुणाला खिळलेत, बोलताना दम तुटतो. मी अधूनमधून जातो. गेल्या हिवाळ्यात ते म्हणाले, "गावचा डोंगर फोडून रस्ता काढत्यात म्हनं. फोडायच्या आदी आमच्या शेतावरून कसा दिसतो ते एकदा बघायचंय." मुलाने मोबाइलवर दाखवला. चाचांनी तो बाजूला सारला. "ह्याच्यात समदं मुंगीवानी. मोठा आना, सुभेदार साहेब. लवकर आना."

हे काम माझ्या कॅमेऱ्याचं होतं. त्याच्या फिल्मवरून दाराएवढा फोटो केला तरी झाडाचं पान पान दिसतं.

रेकी केल्याशिवाय मी कुठे जात नाही. आदल्या दिवशी जाऊन चाचांचं जुनं शेत शोधलं. ते विकून वर्षं झालीत, आता तिथे द्राक्षबाग आहे. बांधावर उभा राहून कंपासने उगवतीची दिशा घेतली आणि ट्रायपॉडच्या पायांसाठी तीन खुंट्या ठोकल्या. अंधुक उजेडात दिसाव्यात म्हणून त्यांची डोकी लाल रंगवलेली. तोफेची जागा आम्ही अशीच आधी आखून ठेवायचो. गावात रस्त्याच्या मोजणीवरून लोक पेटलेले, आणि मी शहाणा त्यांच्या बांधावर मोजणीवाल्यांसारख्याच लाल खुंट्या ठोकून आलो.

सकाळी उजेड डोंगराच्या खांद्यावर आला. मी पहिला फोटो घेतला. काळ्या कपड्यातून डोकं बाहेर काढतो तर समोर सहा माणसं. हातात काठ्या. एकाच्या हातात माझी एक खुंटी.

"ह्यी कुनी ठोकली?" खुंटीवाल्याने विचारलं. पंचेचाळिशीचा, दणकट, डोक्याला मफलर.

"मी."

"बघा. मी बोललो व्हतो ना, मोजनीवाला हाय." मग माझ्याकडे वळून, "कपड्याखाली लपून मोजतोय व्हय रं?"

"मोजत नाही. फोटो काढतोय."

"कुनासाठी?"

"एका आजारी माणसासाठी."

"नाव सांग त्याचं."

"सांगणार नाही."

चाचांचं नाव घेतलं की युसूफचं आलंच, आणि ते घेतलं असतं तर काठ्या खाली गेल्या असत्या, कदाचित चहाही मिळाला असता. पण गेलेल्या जवानाचं नाव गेटपास म्हणून दाखवायचं नाही, हा माझा नियम आहे. आणि खरं सांगायचं तर, 'रं' म्हणणाऱ्याला काही समजावून सांगायची माझी इच्छाच नव्हती.

"फोटो दाखव."

"दिसत नाही. फिल्म आहे. धुवावी लागते."

"म्हंजी लपवतोय. डिलीट कर."

"यात डिलीट नसतं."

त्याने माझ्या हातातला फिल्मचा चपटा होल्डर हिसकावला, त्याची झडप खेचून काढली आणि आत डोकावला. आत करड्या फिल्मशिवाय काही नव्हतं. उजेड लागला, फोटो गेला. माझ्या हातात ट्रायपॉडचा मोकळा दांडा असता तर मी तो त्याच्या डोक्यात घातला असता. मी फक्त हात पुढे केला. "होल्डर."

त्याने तो मातीत टाकला. मी उचलून पुसला. अशा होल्डरला दोन बाजू असतात, दोन्हीकडे एकेक फिल्म. दुसरी बाजू शाबूत होती. माझ्याकडची ती शेवटची.

"परत काढतोय त्यो," कुणीतरी म्हणालं.

"काढू दे की. बघू कसा काढतो." मफलरवाला कॅमेऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंना. काठ्या पुढ्यात रोवलेल्या. त्यांच्यामागे अख्खा डोंगर, ऐन उजेडात.

"बाजूला व्हा."

"नाय व्हत."

उजेड पाच मिनिटांत चढला असता आणि चाचांना आणखी किती सकाळी मिळणार होत्या ते मला ठाऊक नव्हतं. होल्डर आत सरकवला. "मग हलू नका. हललात तर भुतासारखे याल."

"आमी न्हाई हलत. तूच हल हितून."

शटर पूर्ण एक सेकंद उघडं राहिलं. सहाही जण माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. रागात माणूस फार स्थिर उभा राहतो. मी सामान आवरलं आणि निघालो. मागून दोन ढेकळं आली, एक पाठीत बसलं.

फोटो मोठा करून घेतला आणि अंबडला नेला. मनात ओशाळलो होतो. म्हाताऱ्याने डोंगर मागितला आणि मी त्याच्यापुढे सहा टगे उभे करून आणले होते. मुलाने फोटो पलंगासमोर भिंतीला टेकवला. चाचांनी चष्मा लावला. डोंगराकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही.

"ह्यो कैलास," ते मफलरवाल्याकडे बोट करून म्हणाले. "युसूफच्या संगं शाळंला व्हता. ह्यो रामनाथ. किती म्हातारा झाला. ह्यो विठाबाईचा थोरला." सहाही जणांची नावं घेतली, दम खात. मग त्यांनी विचारलं, "काठ्या कशाला घेतल्यात?"

मी सांगितलं. खुंट्या, मोजणी, ढेकळं, सगळं.

कैलास आणि रामनाथच्या मध्ये थोडी फट होती, तिथून डोंगराची कड दिसत होती. त्या फटीकडे चाचांनी बोट केलं.

"युसूफ असता त हितं उभा असता," ते म्हणाले. "काठी घिऊन."

"असता," मी म्हणालो. "आणि कितीही सांगितलं तरी हटला नसता."