डब्यावरचं नाव

आमच्या विद्यापीठाचा निकाल ऑनलाइन उघडायला दोनच गोष्टी लागायच्या, सीट नंबर आणि आईचं नाव. पासवर्ड वगैरे काही भानगड नाही. एवढं ठाऊक असलं की कुणाचीही अब्रू चव्हाट्यावर आणता येते. मी आणली.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नाशिक रोडला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. माझा पार्टनर येवल्याकडचा. पेपरच्या दिवशी सकाळी त्याला हटकून उलटी व्हायची. मी ब्रश तोंडात धरून बाथरूमबाहेरून ओरडायचो, "झालं का रे बाळंतपण?" मला तो फार मोठा विनोद वाटायचा. कॉलेजात समुपदेशन कक्ष होता, म्हणजे दारावर पाटी होती. तो एकदा धीर करून गेला, तर आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या. हे सांगताना तो आधी हसला आणि मग ढसाढसा रडला. मी म्हटलं, "नाटकं पुरे, गणित कर."

यंदा त्याचे आणखी विषय राहिले की वायडी, म्हणजे अख्खं वर्ष घरी. निकालाच्या दिवशी सकाळीच त्याने बॅग भरली. "आईला शेजारी बसवून मीच बघणार. तोवर तू बघू नकोस. बघितलास तर मला सांगू नकोस. प्लीज." त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. "जा रे, टेन्शन नको घेऊस," मी म्हणालो.

दुपारी निकाल लागला. माझेच तीन विषय राहिले होते. ग्रुपवर पोरं मागे लागली, तुझं काय, तुझं काय. माझा नुसता जळफळाट झाला. त्याचा सीट नंबर मला पाठ होता. आईचं नाव? ओट्यावर तिने पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा होता, झाकणावर नाव कोरलेलं. ते टाकलं. वायडी. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "साहेबांना वर्षभर सुट्टी, अभिनंदन!" हसून लोळणारे चेहरे धडाधड पडले. माझं मग कुणी विचारलं नाही.

तो तेव्हा दुपारच्या एसटीत होता, आणि ग्रुप त्याच्याही फोनवर होता. मध्येच निफाडला उतरला आणि फोन बंद केला. तिसऱ्या दिवशी सापडला. जिवंत होता, पण पायात चप्पल नव्हती आणि आईच्या हाकेला ओ देत नव्हता.

महिन्याभराने ती एकटीच त्याची गादी आणि पुस्तकं न्यायला आली. मी पुढे पुढे करत गादीला दोरी बांधली.

"तू हायेस म्हनून बरं बाबा," ती म्हणाली. "तो आता बोलत नाय. भिंतीकडं बघत बसतो." मग दोरीची गाठ ओढून बघत म्हणाली, "निकाल उघडाया आईचं नाव लागतं म्हनं. मला तर इथं समदे काकूच म्हनत्यात. माझं नाव कुनाला ठाव असंल?"

"कुणास ठाऊक, काकू. कॉलेजातलं असेल कुणीतरी." इतक्या सहज बोललो की माझी मलाच शिसारी आली.

"तेवढा माझा डबा दे."

मी घासून पालथा घातलेला डबा दिला. ती तो पदराने पुसायला लागली. झाकणावर तिचा हात थांबला. तिने नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ऱ्हाऊ दे तुलाच," ती म्हणाली. डबा ओट्यावर ठेवला आणि गादी डोक्यावर घेऊन जिना उतरली.