शेळ्यांचं औषध आणि भोईरकाका

माणसांच्या दवाखान्यात पेशंट स्वतः बोलतो. जनावरांच्या दवाखान्यात पेशंट गप्प, त्यामुळे मालकाला दोघांचंही बोलावं लागतं. मग किस्से साठणार नाहीत तर काय! कशेळ्याच्या पुढे, मुरबाड रस्त्यावरच्या एका गावात अशाच दवाखान्यात मी ड्रेसर होतो. म्हणजे जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि शिंगं धरायची. ऐंशी सालानंतरची दोन-चार वर्षं मात्र आमच्याकडे सगळी चर्चा एकाच औषधाची होती. शेळ्यांना जंतांसाठी पाजायचं औषध!

आमचे पेंडसे डॉक्टर मूळचे पुण्याचे. शेळीलासुद्धा 'अहो' म्हणतील इतके सभ्य. एकदा त्यांनी एका आजीला विचारलं, "शेळी चारा खाते का?"

आजी वैतागली होती. "तिलाच इचारा. माज्याशी धड वागत नाय ती!"

डॉक्टर खरोखर शेळीकडे वळले. "काय हो, काय होतंय?"

आजी माझ्या कानाला लागली. "डाक्तर चांगला हाय रं. पन याला कोनी तपासलाय का?"

*

आता भोईरकाका. भातशेतीवाला माणूस, घरी सहा शेळ्या आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावातला माणूस 'ओ' देईल. काकांच्या आतड्यात कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. महिन्याभरानं तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि जोडीला एक गोळी लिहून दिली.

काका चिठ्ठी घेऊन कर्जतच्या औषधवाल्याकडे गेले. त्यानं चिठ्ठी वाचली आणि सहज विचारलं, "काका, शेळ्यांसाठी हवंय का?"

काका तिथून तडक आमच्या दवाखान्यात! "डाक्तर, जां शेलीला पाजता तांच माला दिलंय. मुंबयच्या डाक्तराला मी मानूस वाटलो नाय!"

पेंडसे डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "काका, औषध तेच आहे. पण शरीराची स्वतःची ताकद त्यानं वाढते, असं काही डॉक्टरांना वाटतं. म्हणून ऑपरेशननंतर इंजेक्शनांबरोबर देऊन बघतायत. खात्री कुणीच देणार नाही."

"पन जंताचं औषध कॅन्सरला कसां चालंल?"

डॉक्टर म्हणाले, "औषधाला कुठं माहीत असतं काका, आपल्याला कशासाठी बनवलंय ते!"

*

तरी काका गोळी घेईनात. शेवटी काकूंनी युक्ती केली. सहा शेळ्या आणि काका, अशी वरातच दवाखान्यात आणली. मला म्हणाल्या, "आधी शेल्यांना पाज रं. यांना बगू दे."

मी एकेक शेळी धरून औषध पाजलं. सहाव्या शेळीनं ओठ चाटले. काकूंनी तांब्या पुढे केला. "बगितलात? एकीनंबी तोंड वाकडं केलं नाय. आता तुमी!"

काकांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं आणि तोंड अजिबात वाकडं केलं नाही. बाहेर जाताना हळूच मला म्हणाले, "पत्रा चघलल्यावानी लागतंय रं. शेल्या लय सोशिक हायत."

*

गोळीचा नेम ठरलेला होता. तीन दिवस घ्यायची, मग मध्ये सुट्टी. पेंडसे डॉक्टरांनी एक गोष्ट काकांना दहादा बजावली होती. "ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी सांगायचं. या गोळीनं कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात."

आणि ऐन भातलावणीत ताप आला. काकांनी सांगितलं नाही, चिखलात उभे राहिले. संध्याकाळी बांधावर कोसळले, तेव्हा काकू धावत दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी हात धुतले, रस्त्यात दुधाचा रिकामा टेंपो थांबवला आणि काकांना घेऊन आम्ही थेट मुंबई गाठली. वाटेत काका बरळत होते. डॉक्टर त्यांचा हात सोडत नव्हते. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला पेंडसे डॉक्टरांनी गोळ्या, इंजेक्शनं, तापाचा दिवस, सगळं घडाघडा सांगितलं. त्यानं विचारलं, "सर, आपण पेशंटचे कोण?"

पेंडसे डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या शेळ्यांचा डॉक्टर!"

काका वाचले. गोळी कायमची बंद झाली, इंजेक्शनं पुढे सावकाश पुरी केली. त्यानंतर काका बरीच वर्षं जगले. ऑपरेशनमुळे, इंजेक्शनांमुळे, त्या थोड्याशा गोळ्यांमुळे की काकूंच्या धाकामुळे? डॉक्टर म्हणायचे, "ते मुंबईवाल्यांनाही सांगता येणार नाही."

*

शेळ्यांच्या औषधानं काका बरे झाले, अशी बातमी मात्र खालापुरापर्यंत पोचली. एके दिवशी कुंभिवलीहून एक माणूस दोन एसट्या बदलून आला. हातात रिकामी बाटली. "शेळीला जंत झाल्यात. औषध द्या."

डॉक्टरांनी विचारलं, "शेळी कुठाय?"

"घरी हाय."

"इतक्या लांबून आलात, शेळी का नाही आणली?"

"चालवत नाय तिला."

डॉक्टरांनी रजिस्टर ओढलं. "वजन?"

माणूस गोंधळला. "व्हती पन्नासभर किलो. आता उतारलीय."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "शेळीचं नाव काय?"

"सखू," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "छातीत गाठ हाय. कोनाला दाखवत नाय. लाजते."

मग डॉक्टर उठले, माणसाच्या हातातली बाटली काढून घेतली आणि फडताळात ठेवून दिली. "हे औषध तिला द्यायचं नाही. गाठ आधी दाखवायची. ऑपरेशन लागलं तर करायचं. उद्या मी येतो तुमच्या घरी."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या बायकोला सोबत घेऊन कुंभिवलीला गेले. डॉक्टर अंगणात बसले, माझी बायको आत जाऊन सखूशी दोन तास बोलली. त्याच आठवड्यात सखू नवऱ्याबरोबर मुंबईला गेली.

वर्षअखेरीला जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. रजिस्टरची पानं उलटता उलटता एका ओळीवर त्यांचं बोट अडलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "शेळी, नाव सखू, मुक्काम कुंभिवली. औषध दिले नाही. मालकासोबत मुंबईस पाठविली."

साहेबांनी चष्मा काढला. "पेंडसे, शेळी मुंबईला पाठवलीत?"

"होय साहेब."

"मग?"

"परत आली साहेब. बरी आहे. गेल्या आठवड्यात तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आली होती."

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली.