माहिती देऊ नका

पीएचडीची फी भरायला प्रकल्प सहायकाची नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. मला काही एवढा आनंद नव्हता. सहायक म्हणजे काय, हे एमएस्सीलाच कळलं होतं. वर्ग आपण घ्यायचे, पेपर आपण तपासायचे, आणि मानधन कधी येणार विचारलं की ‘शिकायला मिळतंय ना?’ हे ऐकायचं. तरी घेतली. नाहीतर शिक्षण तिथंच संपत होतं.

काम सांडोर गावच्या बागायती वाड्यांमधल्या विहिरींचं. पाण्याचे नमुने घ्यायचे, विहीर खारट कधी झाली, बागेला पाणी कसं देता, एवढं विचारायचं. पण एकाही दारात कोणी उत्तर देईना.

शेवटी एका बागायतदार काकूंनी पडवीच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं विहिरी वाचवायला काढलेल्या आमच्या समितीचं पत्रक चिकटवलेलं. मागे पाणी उपसून विकणारे टँकरवाले सर्व्हेच्या नावाखाली विहिरी हेरत फिरत होते, तेव्हा ते मीच लिहिलेलं. कोणालाही माहिती देऊ नका, विहिरीजवळ फिरकू देऊ नका. ठळक अक्षरांत.

“तूच वाटत होतीस ना, बाय? आम्ही ऐकलं तुझं.”

मी विद्यापीठाचं ओळखपत्र काढलं.

“टँकरवाल्याकडेपण कार्ड होतं.”

माझं लिखाण कोणी एवढं मनावर घेतलं नव्हतं कधी. घेतलं, ते नेमकं आता.

प्रकल्पप्रमुख सरांना फोन केला. त्यांचा सल्ला तयार होता: रस्त्यालगतच्या विहिरीचं पाणी घे, उत्तरं घरी बसून भर, सगळेच भरतात. काम वेळेत आलं नाही तर नोकरीला मुदतवाढ नाही. म्हणजे फी नाही.

पुन्हा काकूंकडे गेले. काय केलं तर पाणी द्याल, असं सरळच विचारलं. त्यांची केळी करपत होती, खतं बदलून त्या थकल्या होत्या. निकाल आधी त्यांना कळावा, एवढंच मागणं. आणि सरांचा नियम काय, तर शोधनिबंध छापून येईपर्यंत निकाल बाहेर जाता कामा नये. विहीर काकूंची, करपतेय काकूंची केळी, आणि वाट कोणाची बघायची, तर संपादकाची!

मी दुसरं पत्रक लिहिलं. मी कोण, पगार कोण देतं, काय विचारणार, आणि निकाल पहिला विहिरीच्या मालकाला. काकूंनी ते सावकाश वाचलं, जुन्याशेजारी चिकटवलं. “जुनं काढणार नाही हां,” म्हणाल्या आणि मोटर चालू केली.

पाणी खारटच निघालं. त्याच दिवशी त्यांना सांगितलं, आणि पत्रकाची प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.

माझी मुदतवाढ अडकलीय. काकूंनी त्या विहिरीचं पाणी केळीला सोडणं थांबवलंय.