चित्त्याच्या शेजाराची तक्रार

आमच्या शेजारी चित्ता राहायला आला, याबद्दल आमची काहीच तक्रार नव्हती. महाराजांच्या शिकारखान्यात चित्ते होतेच आणि ते सांभाळणारे चित्तेवान गावातच घरं करून राहत. आमच्या भिंतीला भिंत लागून इमामचाचांचं घर होतं. त्यांनी नव्यानं धरलेला एक चित्ता माणसाळवायला आणला आणि अंगणात बाजेला बांधला. चित्ता सभ्य होता. डोळ्यांवर चामड्याची टोपी आणि बसणं एखाद्या पेन्शनरासारखं कंटाळलेलं. तक्रार होती ती त्याच्याशी बोलायला येणाऱ्या बायकांबद्दल.

(चित्ता माणसाळवायची रीतच तशी होती. त्याला माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून त्याच्याभोवती बसून दिवसभर बडबड करायची आणि त्याला डुलकी म्हणून लागू द्यायची नाही. बडबड करणाऱ्याला मूठभर चिरमुरे मिळत. आमच्या गल्लीतल्या बायका हे काम पूर्वी चिरमुऱ्यांशिवायही करत होत्या, फक्त चित्ता नव्हता!)

माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. येत्या सोमवारी मला मुलींच्या शाळेत इंग्रजीचा नमुन्याचा पाठ द्यायचा होता. जमला तर मास्तरणीची नोकरी. नाही जमला तर गगनबावड्याला आत्याकडे राहायला जायचं, असं घरात ठरलं होतं. तिथं पाऊस आणि आत्या, दोन्ही एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली. वाचायला बसले तर अडखळायची नाही, पण समोर चार माणसं आली की पाठ असलेलंही विसरायची. म्हणून पाठ घोकून घोकून पक्का करायचा होता. घोकायला बसले की भिंतीपलीकडून यायचं,

"सुनंनं आमटीत मीठच टाकलं न्हाय बघ. तूच सांग की रं चित्त्या, कसं गिळावं माणसानं?"

चित्ता काही सांगत नसे. मी मात्र पुढचं वाक्य विसरत असे.

"याची रीतसर तक्रार केली पाहिजे," आबा म्हणाले. माझे वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते आणि रीत हा त्यांचा प्राण होता. तक्रार कुणाकडे करायची, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. "तूही चल. त्रास तुला आहे."

आधी आम्ही तालमीच्या वस्तादांकडे गेलो, कारण गल्लीतली भांडणं तेच मिटवत. (तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी दाराबाहेर उभी राहिले. लाल मातीत माखलेले पैलवान माझ्याकडे बघत नसल्याचं दाखवत होते आणि मी त्यांच्याकडे.)

"पोरं दंगा करत्यात?" वस्तादांनी विचारलं. "न्हाय? मग गडी? त्येबी न्हाय? बायका? आबासाहेब, मी पैलवानांचा वस्ताद हाय. ह्ये माझ्या आवाक्यातलं न्हवं. तुम्ही चावडीत जावा."

चावडीत जमादार पानाला चुना लावत बसले होते.

"चित्ता चावला?"

"नाही," आबा म्हणाले.

"वरडतो?"

"नाही. बायका बोलतात."

"मग नावं सांगा त्यांची."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कसाबसा आवाज काढून मी म्हणाले, "गोदाक्का. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच."

जमादारांचा हात पानावरच थांबला. "गोदाक्का ही आमची मंडळी हाय," ते म्हणाले. मी कुठं लपता येईल ते शोधत होते. तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "दिवसभर तिकडंच असती व्हय? बरं हाय की मग. चालू द्या."

आता उरला शिकारखाना. तिथल्या कारभाऱ्यांनी आमचं म्हणणं अगदी मन लावून ऐकलं.

"म्हंजे आवाज मोठा असतो?"

"फार मोठा," आबा म्हणाले.

"घडीभर उसंत न्हाय?"

"मुळीच नाही."

"शाबास! इमाम म्हातारा कामचुकार हाय असं मला वाटत हुतं." आणि खूश होऊन त्यांनी इमामचाचांच्या मदतीला एक हलगीवाला धाडला.

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी पुढं विचारलं, "शिकारीला सायबलोक येत्यात. इंग्रजी कानावर पडलं की चित्ता बिचकतोय. तुमच्या माहितीत हाय का कोण इंग्रजी बोलणारं?"

वरिष्ठानं विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, ही आबांची जन्माची सवय. ते म्हणाले, "आमची कमळा."

दुसऱ्या दिवशी मी पाठाचं पुस्तक घेऊन चित्त्यासमोर पाटावर बसले. भोवती गल्ली जमलेली, शेजारी हलगी.

"वाच की गं," गोदाक्का म्हणाली. "त्यो काय तपासनीस हाय?"

मी वाचायला लागले. चित्त्यानं कान माझ्याकडे वळवला. मग हनुवटी पंजांवर टेकली. मग घोरायला लागला. थोड्या वेळानं गोदाक्का खांबाला टेकून पेंगायला लागली आणि हलगीवाल्याच्या हातातली काडी गळून पडली. कित्येक दिवसांनी गल्ली शांत झाली होती. मला इतका आनंद झाला की मी तो पाठ पुन्हा पहिल्यापासून वाचला.

संध्याकाळी इमामचाचा आमच्या दारात.

"आबासाहेब, पोरीनं घात केला की हो. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली. हलवून हलवून दमलो, जनावर जागं व्हईना."

आबा ओशाळले. मग अनुभवी माणसाच्या आपुलकीनं म्हणाले, "तक्रार करायची असेल तर वस्तादांकडे जाऊ नका. जमादारांकडे तर मुळीच नको."

"त्यांच्याकडं कशाला जाऊ? शेजारी हायसा म्हणून तुम्हालाच सांगाय आलो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सगळं गाव पालथं घातलं होतं, पण या एका दारात आम्ही गेलोच नव्हतो. शेवटी मीच, कशी कोण जाणे, सोमवारच्या पाठाचं सांगून टाकलं.

"आगं, मग आधी न्हाय का सांगायचं?" चाचा म्हणाले, आणि सोमवारपर्यंत बाज, चित्ता, हलगी आणि गोदाक्का, सगळा लवाजमा त्यांनी तालमीमागच्या मोकळ्या जागेत हलवला. (बायका तालमीच्या आत गेल्या नाहीत. आवाज गेला. वस्ताद आबांशी बरेच दिवस बोलत नव्हते.)

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. खुर्चीत बसलेल्या मुख्य बाईंना मी मनातल्या मनात चामड्याची टोपी घातली आणि वाचायला सुरुवात केली. पाठ संपला तेव्हा बाई दचकून ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "इतका शांत वर्ग मी कधी पाहिला नाही."

नोकरी मिळाली. आमच्या शाळेत तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न आता कुणालाच पडत नाही. कुठल्याही वर्गात दंगा वाढला की मला बोलावणं येतं. मी जाते आणि फक्त शिकवायला लागते.