जळलेला पडदा

सई, अनय, उद्या नवा टीव्ही येतोय आणि जुना मी दुकानदाराला द्यायला तयार नाही, म्हणून तुमचे बाबा फोनवर चिडलेत. खरं कारण त्यांना सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगते.

दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी होते, एक एलईडी, एक ओएलईडी. दोन्हींवर रात्रीचा तोच समुद्र दिसत होता. एलईडीवरचं काळं जरा राखाडी होतं, कारण पडद्यामागे दिवा जळतच असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. तिथला काळोख अगदी पुरा होता. आजोबा गेल्यापासून आपल्या दिवाणखान्यात संध्याकाळी तसाच काळोख असतो. मी राखाडी काळं असलेला टीव्ही घेतला.

जुना आपला प्लाझ्मा. त्यावर आजोबा तुम्हा दोघांचा फोटो लावून दिवसभर तसाच ठेवायचे.

"अहो, बंद करा. एकच चित्र ठेवलं की पडदा जळतो, त्याचा डाग कायमचा राहतो."

"जळू दे गं. पोरं घरात असल्यासारखी वाटतात," म्हणत ते फोटोसमोर बसून चहा प्यायचे.

पडदा जळलाच. परवा दुकानदार घरी येऊन गेला, तेव्हा पडदा बघून म्हणाला, "आजी, हे डाग आता जायचे नाहीत."

"म्हणूनच तो राहू दे," मी म्हटलं.

आजोबा नाहीत. तुमचं येणं दर वर्षी पुढे जातं, आणि आता तुम्ही त्या फोटोसारखे दिसतही नसाल. पण जुन्या टीव्हीचा पडदा पांढरा झाला की तुमच्या दोन डोक्यांची कड अजून दिसते.