दुसरी तंगडी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे चूल अंगणात पेटते. आई माळकरी होती. ती असेपर्यंत मटणाचा तुकडा कधी उंबऱ्याच्या आत आला नाही. नाना, म्हणजे माझे वडील, लिंबाखाली तीन दगड मांडायचे, स्वतः कोंबडा साफ करायचे, स्वतः शिजवायचे आणि भांडी घासून गोठ्यातल्या फळीवर पालथी घालायचे. आई गेली तरी ती भांडी अजून फळीवरच असतात. ती आत आणायचा विषय आमच्यापैकी कुणी काढला नाही.

यंदा त्या चुलीवर टर्की तळायची टूम माझ्या धाकट्या भावाची. तो अमेरिकेत असतो. तिकडे सुट्टीच्या दिवशी अख्खा पक्षी उकळत्या तेलात सोडतात, आणि तो दर वर्षी आम्हाला ते फोनवर दाखवायचा. नाना फोन नाकापाशी धरून म्हणायचे, "एवढं मोठं पाखरू उघडं-नागडंच तळतुस व्हय बे? मसाला कुठाय? ये इकडं, मी दावतो." हा म्हणायचा, "येतो नाना, करीला येतो. दोघं मिळून तळू." असं चार-पाच वर्षं चाललं. शेवटी यंदा आला, आणि तोवर नाना त्याला विसरून गेले होते.

मला ओळखतात, कारण मी रोज समोर असते. माझं सासर अंबाजोगाईला, पण आई गेल्यापासून मी इथंच राहते, आमचे मालक शनिवारी येऊन जातात. मी भावाला फोनवर हजारदा सांगितलं होतं, अरे, त्यांना आता माणसं उमगत नाहीत, लवकर ये. त्याला वाटायचं आक्का वाढवून सांगते. दारात उभा राहिला तेव्हा नाना खाटेवरून उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "या पाव्हणं, बसा. कुणीकडलं म्हणायचं आपण?"

"नाना, मी हाय की," असं म्हणत तो पाया पडला.

"असू द्या, असू द्या. मोठी माणसं तुमी."

मी मनात म्हटलं, भोग आता. आणि लगेच आत जाऊन तोंडाला पदर लावून रडले. राग आला होता हे खरं, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं.

त्याला एवढंच पाहिजे होतं की परत जायच्या आत नानांनी त्याला एकदा तरी ओळखावं. टर्की त्यासाठीच होती. डोकं विसरलं तरी हात विसरत नाहीत, चूल पेटली की त्यांना आठवेल, असं तो मला रोज सांगायचा. मी नुसतं हूं म्हणायची.

युसूफ वडगावच्या बाजूला एक जण गावरान कोंबड्यांबरोबर टर्क्या पाळतो, त्याच्याकडून पक्षी आणला. भांड्याचा मात्र कुटाणा झाला. एवढी मोठी कढई गावात एकच, देवळातल्या भंडाऱ्याची. तिच्यात टर्की तळली असती तर गावानं आम्हाला तळलं असतं. शेवटी शेजारच्या चाचींनी त्यांची बिर्याणीची देग दिली. वर म्हणाल्या, "कावून एवढा खटाटोप? बिर्याणीच करा की गुमान."

भावाची एकच अट होती, पक्षी आतून-बाहेरून कोरडा ठणठणीत पाहिजे. ओल राहिली तर तेल उसळतं. सकाळपासून तो टॉवेलनं टिपत होता, मग त्यानं टर्की वाऱ्याला लिंबाच्या फांदीला टांगली. आम्ही दोघं तेलाचा डबा आणायला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर नानांनी पक्षी खाली काढलेला, मांडीखाली पोतं घेतलेलं, आणि मी रश्शासाठी केलेलं वाटण पाणी घालून सैल करून त्याला चोळत बसलेले. आलं, लसूण, काळा मसाला, सगळं. पोटातसुद्धा हात घालून लावत होते. आमच्या घरात बिनमसाल्याचं पाखरू आजवर चुलीवर चढलेलं नाही.

मी ओरडणारच होते, भावानं माझा हात धरला. "राहू दे आक्का. बघ ना, हात कसे चाललेत." तो जाऊन त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "मला बी दावा की."

"तुमी बसा पाव्हणं, हात घाण व्हतील," नाना म्हणाले. "आमचा पोरगा तिकडं असंच बिनमसाल्याचं तळतो. यायलाय तो करीला. त्याला दावायचंय."

भाऊ तिथून उठला आणि गोठ्याकडं तोंड करून उभा राहिला.

नानांची पाठ वळल्यावर त्यानं जमेल तेवढा मसाला पुसला. पोटातला तसाच राहिला. दोरीनं बांधलेला पक्षी त्यानं काठीला अडकवून देगेत सोडला मात्र, तेल फसफसून वर आलं, काठावरून उतू गेलं आणि चुलीत पडून भडकलं. भाऊ काठी धरून जागीच थिजला. मी लांब, हातात परात. खाटेवरून उठायला ज्यांना आधार लागतो ते नाना कसे धावले कोण जाणे. त्यांनी जळती लाकडं ओढून बाजूला फेकली, पाटीतली राख जाळावर ओतली आणि भावाच्या छातीवर हात देऊन त्याला मागं ढकललं.

"सरक मागं, येड्या. पाय जाळून घेतुस का?"

येड्या. शाळेत असल्यापासून नाना त्याला हेच म्हणायचे. मुंडी हलवत, हसत, कधी चिडून, पण हेच. भावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "नाना," तो म्हणाला, "वळकलं का मला?"

नानांना धाप लागली होती. त्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग त्यांनी हात जोडले. "माफी असावी पाव्हणं. तोंडातनं गेलं. आमच्या पोराला म्हणायची सवय हाय."

पक्षी शिजला. वरचा मसाला जळून काळा पडला होता, आतलं मटण बरं होतं. वाढायचं काम नानांचंच. करीची तंगडी कुणाची हे आमच्याकडं ठरलेलं असतं, एक पाव्हण्याची आणि एक लांबून घरी आलेल्या लेकराची. नानांनी पहिली तंगडी भावाच्या ताटात ठेवली. "घ्या पाव्हणं, लाजू नका." दुसरी वाडग्यात ठेवली, वर ताटली झाकली, ताटलीवर दगड ठेवला. "ही पोराची. येतो म्हणलाय."

माझा तोल गेला. "नाना, हाच तो. हाच तुमचा पोरगा, समोर बसलाय."

नानांना माझीच लाज वाटली. हळू आवाजात म्हणाले, "पाव्हण्यापुढं असं बोलू न्हाई, बाई."

भावानं मान खाली घालून ती तंगडी पूर्ण खाल्ली. जळका मसालासुद्धा टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. गाडीत बसणार तेवढ्यात नाना काठी टेकत आले. हातात पुडकं. भाकरीत गुंडाळलेली तंगडी, वर वर्तमानपत्र.

"तुमी अमेरिकेचं म्हणं. आमचा पोरगा तिथंच असतो. त्याला काय सुट्टी मिळाली न्हाई दिसतंय. एवढं द्या त्याला. आन म्हणावं, नाना रागावलं न्हाईत."

भावानं पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. "देतो," म्हणाला.

"वाटंत खाऊ नका बरं का पाव्हणं. तुमची तुमाला दिली हाय."

मांजरसुंब्याचा घाट ओलांडल्यावर त्याचा फोन आला. आधी नुसता नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाला, "आक्का, गाडी बाजूला घेऊन खाल्ली. गार झालीय, पण लई चांगली लागली. नानांना सांग, पोचली."

नाना अंगणात देग घासत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, "तंगडी पोचली, नाना."

"पोराला?"

"हो."

"त्यानं सोता खाल्ली?"

"हो, समदी खाल्ली."

"आन पाव्हण्यानं मधी हात न्हाई ना लावला?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"चांगला माणूस हाय," नाना म्हणाले, आणि चाचींची देग आमच्या भांड्यांशेजारी फळीवर पालथी घालायला घेऊन गेले.